एकतीस गुणांची वाटी

माझ्या चटणीला शंभरातले एकतीस गुण पडले, आणि तेही कुणी चटणी चाखून न बघता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरूनच झाला.

मी पद्मजा मगदूम. जयसिंगपूर, सातवी गल्ली. नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसले. नळाला पाणी आलं नाही की लोक इंजिनिअरला बोलत नाहीत, खिडकीतल्या बाईला बोलतात. त्यामुळं माझं तोंड जरा तिखट झालंय, तेवढं सांभाळून घ्या. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि ठरवलं, आता आपला स्वतःचा धंदा करायचा, कारळ्याच्या चटणीचा. कारळं म्हणजे ते काळं, बारीक, चकचकीत बी. कुणी खुरासणी म्हणतं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, वाळली मिरची, जिरं, हिंग, जराशी चिंच आणि मीठ घालून कांडायचं. लसूण नाही. आम्हा जैनांच्या घरात लसूण कधी शिरला नाही आणि चटणीचं त्यावाचून काही अडलंही नाही. गरम भाकरी, त्यावर ही चटणी, वर कच्च्या तेलाची धार. ज्यानं एकदा खाल्ली त्यानं परत मागितली, असा माझा अनुभव.

माझा मुलगा सम्मेद पुण्याला असतो. धंद्याचं ऐकून पोरगं खूश झालं, पण पहिलं काय म्हणालं तर, नावगाव ठरवायच्या आधी आपण पडसाद करून घेऊ. खर्च त्यानंच केला, माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून.

पडसाद म्हणजे काय हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे, तरी सांगते, कारण मलाही ते तेव्हाच नीट कळलं. हवामानखातं पाऊस कसा सांगतं? आभाळाचे हजारो चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोनात आत्ता किती ऊन, किती वारा, किती दमटपणा ते भरतं आणि गणित पुढं पळवतं. पडसाद कंपनीनं हेच माणसांचं केलं. एकेका माणसाची दहा-बारा वर्षांची प्रत्येक खरेदी, कुठल्या जाहिरातीवर त्याचा अंगठा किती वेळ थांबला, कुठल्या दुकानात हातातल्या घड्याळानं नाडी वाढलेली दाखवली, हे सगळं गोळा करून त्या माणसाची एक छाया बनवली. छायेला जीभ नाही, जीव नाही. मागच्या पावलांवरून पुढचं पाऊल कुठं पडेल एवढाच अंदाज ती बांधते. अशा तीन कोटी छाया यंत्रात बसल्यात. तुम्ही आपल्या मालाचं नाव, रंग, डबा, घटक सांगायचे. यंत्र तो माल छायांच्या बाजारात मांडतं आणि खऱ्या बाजारात काय होईल ते पाच मिनिटांत सांगतं. शंभरातले चौऱ्याण्णव अंदाज बरोबर येतात म्हणे.

इथपर्यंतही ठीक होतं. पण मग दुकानदारांनी ठरवलं की साठच्या खालचा माल फळीवर ठेवायचाच नाही. त्यानंतर फोनमध्ये ती सोय आली. वस्तूवर फोन धरला की तुम्हाला ती आवडण्याची शक्यता किती, ते दिसतं. झालं, चव बघायला हात पुढं करायची पद्धतच गावातून गेली. मंडईत द्राक्षवाला दोन मणी पुढं करतो आणि गिऱ्हाईक आधी खिशातून फोन काढतं.

तर आमचा निकाल सांगायला फोनच्या पडद्यावर दिसली पडसादची एक मुलगी, मृण्मयी सबनीस. गोड बोलणारी, अभ्यास केलेली. ती म्हणाली, एकतीस आले तरी घाबरू नका, सगळी योजना तयार आहे. 'कारळं' हा शब्द काढायचा, कारण काळ्या रंगाला छाया बिचकतात. नाव 'नानीज क्रंच' ठेवायचं. लसूण घालायचा. डब्यावर हसणारी नानी, नाकात नथ, गालाला खळी. नानीनं दुष्काळात ही चटणी कशी शोधून काढली याची दीड मिनिटांची गोष्टही लिहून ठेवली होती. एवढं सगळं केलं तर सदुसष्ट.

मी विचारलं, ही नानी कोण? ती म्हणाली, तशी कुणी नाही, पण छायांना सत्तरीचा चेहरा आवडतो. मग माझा फोटो लावा म्हटलं, मी काय वाईट आहे? तिनं फार अदबीनं सांगितलं की तुमचा चेहराही आम्ही तपासला, त्यानं अंक बाविसावर येतो. आता माझं तोंड बघून लोकांनी सव्वीस वर्षं पाणीपट्टी भरलीय. तेवढं यंत्रानं बरोबर ओळखलं होतं, म्हणून मी गप्प बसले.

पण लसणाचं काही पचेना. आणि ते एकतीसही पचेना. खिडकीवरची सवय, मला नुसती बेरीज पुरत नाही, नावानिशी यादी लागते. कोण नको म्हणालं ते मला बघायचं होतं. कुणा एकाची छाया दुसऱ्याला दाखवायची नाही असा कायदा आहे, आणि तो चांगलाच आहे. पण सम्मेदच्या कामात त्या यंत्राशी रोजचा संबंध, त्याला आत डोकावता येतं. मी त्याच्या मागं भुंग्यासारखी लागले. एकच नाव दाखव म्हटलं, फक्त एक. त्यानं चार दिवस टाळलं आणि पाचव्या दिवशी वैतागून विचारलं, कुणाचं?

मी म्हटलं, रत्नाक्काचं.

रत्नाक्का म्हणजे रत्नप्रभा चौगुले, माझी भिंतीपलीकडची शेजारीण. तिचं भांड्यांचं दुकान आहे आणि स्टीलच्या भांड्यांवर नावं ती स्वतः घालते. ते टर्रटर्र करणारं छोटं मशीन पेनासारखं धरायचं आणि वाटीच्या कडेला नाव कोरायचं, म्हणजे लग्नाकार्यात भांडी हरवत नाहीत. आता कोण नाव घालून घेतं? मशीन आठ-आठ दिवस झाकून असतं. पण या गल्लीतली निम्मी भांडी तिच्या अक्षरात आहेत. बत्तीस वर्षं माझी चटणीची वाटी तिच्या घरी जातेय आणि बत्तीस वर्षं ती भरून परत येतेय. शेजारणीची वाटी रिकामी द्यायची नसते, काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सम्मेदनं आकडा वाचला. रत्नप्रभा चौगुले, पद्मजा मगदूम यांची चटणी खरेदी करण्याची शक्यता, शंभरात अर्धासुद्धा नाही. शून्य पूर्णांक चार. गल्लीत सगळ्यात कमी.

मला सांगता येणार नाही किती लागलं ते. बत्तीस वर्षं ही बाई माझ्यासमोर बोटं चाटत होती, ते काय नाटक होतं? सम्मेद म्हणाला, आई, म्हणून सांगत होतो बघू नकोस. मी त्याच्यावरच डाफरले आणि फोन ठेवला. त्या महिन्यात चटणी कांडली, पण तिच्याकडं वाटी गेली नाही. ती अंगणात दिसली की मी आत जायची. तिनं भिंतीवरून दोनदा हाक मारली, मी कुकरच्या शिट्टीत ऐकू आलं नाही असं दाखवलं. साठीला टेकलेली बाई मी, पण वागले चौथीतल्या पोरीसारखी.

तीन आठवड्यांनी एका दुपारी रत्नाक्का थेट स्वयंपाकघरात आली आणि तिच्याकडं राहिलेली माझी मागची वाटी ओट्यावर आपटली. मी आत बघितलं. वाटी रिकामी होती. घासून, पुसून, कोरडी ठणठणीत.

बत्तीस वर्षांत हे झालं नव्हतं.

"रिकामी आणलीय," ती म्हणाली. "आता तरी विचारशील का, काय झालं म्हणून?"

मग मी बांध फुटल्यासारखी बोलले. छाया, आकडा, सगळं. तुला माझी चटणी नको होती तर तोंडावर सांगायचं होतंस, असंही म्हणाले. ती शांतपणे पाटावर बसली. आकडा कितीचा म्हणालीस, असं तिनं पुन्हा विचारून घेतलं आणि मान हलवली.

"बरोबर सांगितलंय की त्यानं. तुझी चटणी मी विकत घेऊ व्हय? विकत घेतलं की संपलं, पद्मा. वाटी परत द्यायची असते म्हणून तर मी तुझी पायरी चढते."

ती कोरडी वाटी मी उगीच पुसायला घेतली.

"आणि माझ्या छायेला विचारायला गेलीस," ती म्हणाली, "मी इथं भिंतीपलीकडं जिवंत बसलेली असताना."

मला लाज वाटली. चारचौघांत सांगायला हरकत नाही, मी रडले. रत्नाक्कानं मला रडू दिलं, स्वतः उठून चहा टाकला आणि साखर कुठंय म्हणून माझेच डबे उघडून बघत बसली. ती जाताना मी तीच वाटी शिगोशिग भरून तिच्या हातात दिली.

ती गेल्या गेल्या सम्मेदला फोन लावला. तो म्हणाला की हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. छाया बनते ती बिलांवरून, फोनवरच्या पैशांवरून, बघितलेल्या जाहिरातींवरून. वाटीतनं जे जातं-येतं त्याचं बिल होत नाही. आमच्या गल्लीत चटणी कुणीच विकत घेत नाही, कारण ती कुठून ना कुठून येतेच. म्हणजे यंत्राच्या लेखी आम्ही चटणी खातच नाही. मग मी त्याला त्या चौऱ्याण्णव टक्क्यांचं विचारलं. त्यानं जरा चाचरत कबूल केलं की आता लोक आकडा बघूनच वस्तू उचलतात, त्यामुळं आकडा खरा ठरतोच.

"म्हणजे पेपरही त्यानंच काढायचा, तपासायचाही त्यानंच, आणि वर आपणच हुशार म्हणायचं," मी म्हटलं. "वा रे वा."

माझं डोकं असं तापलं की विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रत्नाक्काच्या दुकानात जाऊन बसले आणि आम्ही दोघींनी आमची योजना केली. तिच्या माळ्यावर दोनशे चाळीस वाट्या पडून होत्या, झाकणाच्या, जुन्या जाड पत्र्याच्या. त्या खाली काढल्या. पॅकिंग ठरलं. डब्यावर खोटी नानी नाही, लसूण नाही, दुष्काळाची गोष्ट नाही. रत्नाक्कानं मशीन पुसलं, पहिली वाटी मांडीवर घेतली आणि विचारलं, नाव काय घालू?

"एकतीस घाल," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मग हसायला लागली, आणि टर्रटर्र करत कोरलं. ३१. पुढं लहान अक्षरात, कारळ्याची चटणी, पद्मजा मगदूम, सातवी गल्ली.

सम्मेदला हे कळल्यावर तो घाबरला. नापास झाल्याचा कागद कुणी दारावर लावतं का, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मी लावणार. नापास कुणी केलं तेही खाली लिहिणार.

प्रसिद्धीची योजना अशी की गल्लीगल्लीत वाट्या वाटायच्या. विकायच्या नाहीत, नुसत्या द्यायच्या. झाकणाखाली चिठ्ठी: 'वाटी रिकामी देऊ नका. पण साखर-गूळ नको. ही चटणी विकत घेईल अशा तुमच्या लांबच्या माणसाचा पत्ता घाला.' लांबचा माणूस मुद्दाम म्हटलं. जवळचा विकत घेत नसतो, हे मला आता चांगलंच कळलं होतं.

आणि शनिवारी बाजारात मी टेबल टाकलं. एक टोपली भाकरी, एक पातेलं चटणी, तेलाची बुधली आणि वर फळा: यंत्राचा निकाल एकतीस. तुमचा निकाल?

पहिला तासभर नुसती गंमत. लोक थांबायचे, फोन धरायचे, आकडा वाचायचे आणि पुढं जायचे. कुणाला आठ, कुणाला पंधरा. रत्नाक्का शेजारी स्टुलावर बसून वाट्या कोरत होती, तिनं वरही बघितलं नाही. मला मात्र घाम फुटला. पहाटे उठून केलेल्या चाळीस भाकऱ्या डोळ्यांदेखत गार होत होत्या. एकही घास उचलला गेला नाही तर एकतीससुद्धा जास्तच होते असं म्हणायची पाळी आली असती.

मग एक कॉलेजातली मुलगी आली. तिच्या फोननं बारा दाखवले. ती जायला वळली, परत फिरली आणि मला विचारलं, फळ्यावर तुम्हीच लिहिलंय का? हो म्हटलं. यंत्र चुकतं असं वाटतं तुम्हाला? मी म्हटलं, बाई गं, मला काय वाटतं ते सोड, जीभ तुझी आहे.

तिनं तुकडा मोडला. खाल्ला. आणखी एक मोडला. मग फोन मैत्रिणीच्या तोंडापुढं नाचवत म्हणाली, बारा म्हणे, बारा! मैत्रिणीनं खाल्लं. तिला नाही आवडली, तिनं तसं स्पष्ट सांगितलं, आणि मी तिचे आभार मानले. ती स्वतःच्या जिभेनं नको म्हणाली होती. त्यानंतर टेबलाभोवती जी गर्दी झाली ती चटणीसाठी कमी आणि यंत्राशी भांडण्यासाठी जास्त. भाकरी अकराला संपली.

वाट्याही परत येऊ लागल्या. पत्ते आलेच, पण नुसता कागद घालून वाटी द्यायला कुणाचं मन धजेना. पत्त्याबरोबर कुणी शेंगदाणे घातले, कुणी लाडू, एकीनं तर बासुंदी घातली आणि पत्ता पार भिजून गेला. सतरा वाट्या आल्याच नाहीत. काहीतरी चांगलं केलं की मग पाठवू म्हणून त्या अजून अडकल्यात. पत्ते होते पुण्याचे, बेळगावचे, नागपूरचे, दोन मस्कतचे. मी एकेकाला पत्र लिहिलं, तुमच्या अमक्या मावशीनं तुमचं नाव दिलंय. मावशीचं नाव वाचल्यावर माणूस फोन धरून आकडा बघत नाही. पाच महिन्यांत माळ्यावरच्या वाट्या संपल्या आणि रत्नाक्कानं सांगलीहून नव्या मागवल्या. तिच्या मशीनवर पुन्हा झाकण पडलं नाही.

सहाव्या महिन्यात मृण्मयी सबनीस स्वतः आली. गाडीतून उतरून सातव्या गल्लीत घर शोधत. तिनं आनंदाची बातमी आणली होती. नव्या खरेदीनंतर यंत्रानं फेरतपासणी केली आणि माझा अंक अठ्ठ्याऐंशी झाला होता. चार हजार दुकानांच्या फळ्या उघड्या. मागण्या दोनच. एक, वाटीवरचा एकतीस आता खोटा ठरतो, तो बदलायचा. दुसरी, प्रत्येक वाटीच्या बुडाला तिळाएवढी चकती लावायची, म्हणजे वाटी कुठून कुठं जाते ते छायांना शिकवता येईल. ती मनापासून बोलत होती. म्हणाली, आमच्याकडून एवढी मोठी गोष्ट सुटली होती, तुमच्यामुळं सापडली.

रत्नाक्का दारातच उभी होती. माझ्यावर तिचा भरवसा आहे, पण चार हजार दुकानं म्हटल्यावर तिनं बोटांवर वाट्यांचा हिशेब सुरू केला. खरं सांगते, मीही केला.

मी मृण्मयीला विचारलं, तू खाल्लीस का गं चटणी? ती ओशाळली. तिच्या फोनवर नऊ येत होते. मी भाकरी तव्यावर टाकली, तिचा फोन डाळीच्या डब्यावर पालथा ठेवला आणि ताट पुढं केलं. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुसरी मागून घेतली.

मग मी सांगितलं. "एकतीस खोटा नाही. तुम्ही दिलात, तुमच्या शिक्क्यानं दिलात. आणि वाटीच्या बुडाला काही चिकटवायचं नाही. कुणी कुणाच्या घरी वाटीतनं काय धाडलं, हे त्या दोन घरांपुरतंच असतं."

तिनं समजावून बघितलं. नियम, स्पर्धा, उद्या दुसरं कुणीतरी वाटी काढेल वगैरे. मी म्हटलं, काढू दे. वाटी माझ्या बापजाद्यांची नाही, सगळ्यांचीच आहे. ती निघाली तेव्हा तिच्या हातात एक भरलेली वाटी दिली.

पंधरा दिवसांनी ती वाटी कुरिअरनं परत आली. आत मेतकूट होतं, कागदात नीट बांधलेलं, आणि तिच्या हातानं लिहिलेला पत्ता. मालती सबनीस, यवतमाळ. खाली एवढंच, माझी आई, तिला विचारलं नव्हतं कधी.

त्याच संध्याकाळी, जैनांच्या रिवाजानं दिवस मावळायच्या आत जेवण आटोपल्यावर, सम्मेदचा फोन आला. आता त्याचा सूर वेगळा असतो. तो म्हणाला, आई, राहवलं नाही म्हणून बघितलं, पुन्हा बघणार नाही. गावातले सगळे आकडे चढलेत, बाराचे साठ झालेत. एकच हललेला नाही. रत्नाक्का अजून शून्य पूर्णांक चारच आहे.

मी अंगणात होते. भिंतीपलीकडं टर्रटर्र चालू होतं, ती उद्याच्या वाट्यांवर एकतीस घालत होती. माझी वाटी तिनं सकाळीच आणून ओट्यावर ठेवली होती, ओल्या नारळाच्या दोन वड्या घालून.

"तो नाही हलायचा," मी सम्मेदला म्हटलं, आणि आत जाऊन, चटणीचा डबा उघडून तिच्यासाठी ती वाटी भरायला घेतली.